रस्त्यावर सैनिक उभे केले की नक्की काय बदलतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या जूनपासून अमेरिकेतल्या शहरांत सैनिक उतरवायला सुरुवात झाली आणि तेव्हापासून हा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात. बरेचसे प्रश्न रास्त आहेत आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून इथे सगळं नीट लिहून ठेवतोय. माझं मत लपवणार नाहीये, मला हे सगळं फार काळजीचं वाटतं, पण जिथे दुसऱ्या बाजूचं म्हणणं बरोबर आहे तिथे तेही लिहिलंय.

बंदूक पोलिसांकडेही असते, मग सैनिक आले तर एवढं काय बिघडलं?

मुद्दा बंदुकीचा नाहीच, ट्रेनिंगचा आहे. सैनिकाला शिकवतात की समोर शत्रू आहे, त्याला निकामी करायचं. पोलिसाला शिकवतात (निदान शिकवायला तरी हवं) की समोरचा माणूस याच शहरातला आहे, उद्याही इथेच राहणार आहे, त्याला शक्यतो जिवंत पकडून कोर्टापुढे उभं करायचं आणि गोळी अगदी शेवटी.

१९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये दंगली झाल्या तेव्हाचा एक किस्सा आहे. मरीनची (मरीन म्हणजे अमेरिकन सैन्याचाच एक वेगळा विभाग) एक तुकडी पोलिसांबरोबर कॉम्प्टनमध्ये घरगुती भांडणाच्या कॉलवर गेली, दारातून छर्रे आले, तेव्हा एक पोलीस ओरडला 'कव्हर मी'. पोलिसांच्या भाषेत याचा अर्थ बंदुका रोखून तयार राहा, गरज पडली तरच चालवा. मरीनच्या भाषेत अर्थ असा की मी पुढे सरकतोय, तोवर इतका गोळीबार करा की समोरच्याला डोकं वर काढता येऊ नये. त्यांनी त्या घरावर २०० च्या वर गोळ्या झाडल्या. आत लहान मुलं होती, कुणाला लागलं नाही ते निव्वळ नशीब. आणि त्या सैनिकांनी त्यांच्या हिशोबाने काहीच चुकीचं केलं नव्हतं हो, जे शिकवलं होतं तेच केलं, मला तर तीच गोष्ट सगळ्यात भीतीदायक वाटते.

दरवेळी नशीब साथ देत नाही. १९९७ मध्ये टेक्सासच्या रेडफर्डमध्ये, मेक्सिकोच्या सीमेजवळ, ड्रग्जच्या वाहतुकीवर नजर ठेवायला लपून बसलेल्या मरीननी शेळ्या चारणाऱ्या एका १८ वर्षांच्या मुलाला गोळी घातली. अमेरिकन नागरिक, हायस्कूलमध्ये शिकणारा, शेळ्या राखायला जुनी रायफल जवळ ठेवायचा. त्याने आमच्या दिशेने गोळी झाडली असं मरीनचं म्हणणं होतं. ड्रग्जशी त्या मुलाचा काहीएक संबंध नव्हता. त्यानंतर संरक्षण खात्याने सीमेवरच्या असल्या सशस्त्र गस्ती थांबवल्या, पण मुलगा गेला तो गेलाच.

नॅशनल गार्ड म्हणजे आर्मीच का?

हो पण आणि नाही पण, आणि सगळा घोळ इथेच आहे. गार्डमधले बहुतेक जण पार्ट टाइम सैनिक असतात, एरवी कुणी शिक्षक, कुणी मेकॅनिक, कुणी नर्स. पूर, चक्रीवादळ, वणवा असं काही आलं की राज्याचा निवडून आलेला गव्हर्नर त्यांना बोलावतो आणि अशा वेळी लोकांना त्यांचा खरंच आधार वाटतो. पण राष्ट्राध्यक्षाने त्यांना फेडरल म्हणजे केंद्राच्या सेवेत घेतलं की ते आर्मीचा भाग होतात आणि आर्मीवरची कायद्याची बंधनं त्यांनाही लागतात. म्हणजे युनिफॉर्म तोच, माणसं तीच, हुकूम कोण देतोय त्यावर सगळं ठरतं. वॉशिंग्टन डीसीला गव्हर्नरच नाही, त्यामुळे तिथला गार्ड थेट राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली असतो.

गव्हर्नरच्या हुकमाखाली असले म्हणजे धोका नाही असंही समजू नका. ४ मे १९७० ला ओहायोच्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात विद्यार्थी जमले होते, त्यांच्यावर गार्डने १३ सेकंदांत साठाहून जास्त गोळ्या झाडल्या. ४ विद्यार्थी गेले, ९ जखमी झाले. गेलेल्यांपैकी दोघं तर आंदोलनात नव्हतेच, एका लेक्चरवरून दुसऱ्या लेक्चरला चालले होते.

अमेरिकेत याविरुद्ध कायदा आहे ना?

आहे, १८७८ चा पॉसी कॉमिटेटस ॲक्ट. राज्यघटनेने किंवा संसदेने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय सैन्याला कायदा-सुव्यवस्थेच्या कामाला जुंपायचं नाही, म्हणजे अटका, झडत्या, रस्ते अडवणं, गर्दी हटवणं, यातलं काही सैनिकांनी करायचं नाही. मोडला तर २ वर्षांपर्यंत कैद. आधी फक्त आर्मी होती त्यात, मग १९५६ मध्ये एअर फोर्स आलं आणि नेव्ही, मरीन वगैरे तर अगदी अलीकडे, २०२१ मध्ये स्पष्टपणे लिहिले गेले.

यामागची भावना त्याहून जुनी आहे. ब्रिटिश राजाने बॉस्टनमध्ये सैनिक आणून बसवले होते, ५ मार्च १७७० ला त्यांनी जमावावर गोळ्या चालवल्या आणि ५ माणसं मेली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावरच्या आरोपांची जी यादी आहे त्यात हाही आरोप आहे की त्याने सैन्याला नागरी सत्तेच्या वर नेऊन बसवलं. म्हणजे रस्त्यावरच्या सैनिकाची भीती हे काही आजकालच्या एका पक्षाने काढलेलं खूळ नाहीये, तो देश उभा राहिला त्यातच ती आहे.

आता एक गोष्ट जी या कायद्याचं कौतुक करणारे बहुतेक वेळा गाळतात. यादवी युद्धानंतर दक्षिणेत केंद्राचे सैनिक होते आणि नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना मत देता यावं, त्यांच्यावर हल्ले होऊ नयेत, यासाठी ते उपयोगी पडत होते. १८७८ चा कायदा आणण्यात दक्षिणेतल्या गोऱ्या नेत्यांना रस होता तो हे सैनिक मधून जावेत म्हणून. सैनिकांचा हात निघाला आणि नंतर अनेक दशकं तिथल्या काळ्या लोकांचं मत हिसकावलं गेलं. हे माहीत असूनही मी म्हणतो की कायदा आज हवाच आहे, पण तो स्वच्छ हातांनी लिहिला गेला असं कुणाला सांगू नका.

मग राष्ट्राध्यक्ष सैनिक पाठवतो तो कुठल्या अधिकाराने?

मुख्य अपवाद म्हणजे इन्सरेक्शन ॲक्ट, १८०७ चा. बंड झालं, किंवा राज्य लोकांचे घटनात्मक हक्क राखत नसेल किंवा राखू शकत नसेल, तर राष्ट्राध्यक्ष सैन्य वापरू शकतो. यातले शब्द भयंकर सैल आहेत, बंड म्हणजे नेमकं काय ते लिहिलेलंच नाही आणि किती दिवस ते पण नाही. शेवटचा वापर १९९२ चा, लॉस एंजेलिसच्या त्याच दंगलींत, आणि तेव्हा कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने स्वतः मदत मागितली होती.

दुसरं एक कलम आहे, फेडरल कायद्याच्या टायटल १० मधलं १२४०६. परकीय आक्रमण, बंड किंवा 'नियमित फौजां'च्या जोरावर कायदे राबवता येत नाहीत अशी स्थिती, या तिन्हींपैकी एक असेल तर गार्डला फेडरल सेवेत घेता येतं. २०२५ मध्ये हेच वापरलं. पुढे कोर्टात सगळी लढाई 'नियमित फौजा' या दोन शब्दांवर येऊन ठेपली.

१९५७ मध्ये लिटल रॉकला आर्मी पाठवली ते तुम्ही चांगलं म्हणता आणि आता पाठवली की हुकूमशाही. हा दुटप्पीपणा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे आणि यावर मी बराच विचार केलाय.

तेव्हा काय झालं होतं ते आधी बघू. गोऱ्यांच्या शाळेत काळ्या मुलांना घ्या असा कोर्टाचा हुकूम होता, ९ काळे विद्यार्थी शाळेत जायला निघाले आणि आर्कान्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने राज्याचा गार्ड उभा करून त्यांना दारातच अडवलं. म्हणजे पहिले सैनिक मुलांच्या विरोधात होते. मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने आर्मीची १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली, गार्ड गव्हर्नरच्या हातातून काढून स्वतःकडे घेतला आणि मुलं सैनिकांच्या संरक्षणात शाळेत गेली. १९६५ मध्ये अलाबामात गव्हर्नर वॉलेस सेल्माच्या मतदान हक्काच्या मोर्चाला संरक्षण देईना, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सननेही गार्ड ताब्यात घेतला. गव्हर्नरने मागितलेलं नसताना राष्ट्राध्यक्षाने गार्ड घेण्याची ती वेळ, आणि त्यानंतर थेट २०२५.

तर फरक सैनिक आहेत की नाहीत यात नाहीये. लिटल रॉकमध्ये कोर्टाचा हुकूम पाळला जात नव्हता आणि सैनिक तो हुकूम राबवायला गेले, २०२५ मध्ये कोर्टं थांबा म्हणत होती आणि सरकार पाठवण्याचा हट्ट धरून होतं. तेव्हा सैनिक दुबळ्याच्या बाजूला, घोषणा देणाऱ्या गर्दीतून शाळेत जाणाऱ्या पोरांच्या बाजूला उभे होते. सेल्मात ते मोर्चा काढणाऱ्यांना सांभाळत होते, लॉस एंजेलिसमध्ये निदर्शकांच्या समोर उभे केले गेले. आणि तेव्हा काम ठरलेलं होतं, मुलं शाळेत पोचली पाहिजेत. 'शहरातली गुन्हेगारी' हे काम कधी संपणार ते सांगा बरं.

तरी हे कबूल करतो की अधिकार तोच आहे. चांगल्या माणसाच्या हातात होता म्हणून आपण तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि कायदा सैल आहे ही गोष्ट तशीच राहू दिली, त्याची किंमत आता मोजावी लागतेय.

२०२५ मध्ये नेमकं काय काय झालं?

जूनच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशन खात्याच्या धाडी पडल्या, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, काही ठिकाणी गाड्या जाळल्या गेल्या, दगडफेक झाली. ७ जूनला ट्रम्पनी गार्ड फेडरल सेवेत घेण्याचा आदेश काढला. आधी २०००, मग आणखी २०००, आणि शिवाय ७०० मरीन. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम आणि शहराची मेयर दोघंही नको म्हणत होते. न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी आधी आदेश रोखला, तो वरच्या कोर्टात टिकला नाही, मग सुनावणी होऊन २ सप्टेंबरला त्यांनी निकाल दिला की सैनिकांना ज्या पद्धतीने वापरलं त्यात पॉसी कॉमिटेटस मोडला गेला. सरकार लगेच अपीलात गेलं.

मधल्या काळात ११ ऑगस्टला वॉशिंग्टन डीसीत गुन्हेगारीची आणीबाणी जाहीर झाली, शहराचं पोलीस खातं ३० दिवसांसाठी केंद्राच्या ताब्यात गेलं आणि गार्ड उतरला, नंतर बाहेरच्या राज्यांतूनही कुमक आली आणि आकडा २००० च्या वर गेला. विशेष म्हणजे २०२४ मध्ये तिथले हिंसक गुन्हे ३० वर्षांतल्या सगळ्यात खालच्या पातळीला होते, हे न्याय खात्याने स्वतःच २०२५ च्या जानेवारीत सांगितलं होतं.

मग पोर्टलंड आणि शिकागो. पोर्टलंडच्या केसमधल्या न्यायाधीश कॅरिन इमरगट यांची नेमणूक ट्रम्प यांनीच पहिल्या कारकिर्दीत केली होती, आणि त्यांनी साफ लिहिलं की हा देश घटनेच्या कायद्याने चालतो, मार्शल लॉने नाही. शिकागोजवळ तर टेक्सासचे गार्ड आणले, म्हणजे एका राज्याचे सैनिक दुसऱ्या राज्यात, तिथल्या गव्हर्नरचा विरोध असताना. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २३ डिसेंबरला कोर्टाने सरकारची मागणी फेटाळली, ३ न्यायाधीश या निकालाच्या विरोधात होते. 'नियमित फौजा' म्हणजे बहुधा देशाचं नियमित सैन्यच, असा अर्थ कोर्टाने लावला, आणि सैन्याला मुळात तिथे कायदा राबवायचा अधिकार आहे हे सरकारला दाखवता आलं नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ट्रम्पनी शिकागो, लॉस एंजेलिस आणि पोर्टलंडमधून गार्ड काढतोय असं जाहीर केलं. मेम्फिसमध्येही गार्ड उतरवला, पण ती गोष्ट वेगळी, तिथे टेनेसीचा गव्हर्नर राजी होता.

पण गुन्हे कमी होत असतील तर लोकांना बरंच वाटणार ना?

वाटणार. ज्याच्या गल्लीत रात्री गोळीबार होतो त्याला घटनेचे धडे शिकवायला जाऊ नका, त्याला कुणीही येऊन उभं राहिलं तरी हायसं वाटतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पण विचार करा, सैनिक चौकात उभा राहिला की चौकातला गुन्हा थांबेल, पुढे काय? खुनाचा तपास त्याला येत नाही, साक्षीदाराशी बोलायला, पंचनामा करायला, कोर्टात टिकेल असा पुरावा गोळा करायला तो शिकलेला नाही. राजधानीत तर कित्येक गार्डना कचरा उचलायला आणि बागा साफ करायला लावलं होतं. तो जाईल तेव्हा गल्ली जशी होती तशीच असेल. हाच पैसा तपास करणाऱ्या पोलिसांवर, रस्त्यावरच्या दिव्यांवर, पोरांना टोळ्यांपासून लांब ठेवणाऱ्या कामावर लावता येतो, फक्त ते टीव्हीवर दिसत नाही.

काही दिवसांपुरतं आहे म्हणतात, मग एवढं काय?

उत्तर आयर्लंड बघा. ऑगस्ट १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आलं ते पोलिसांना थोडे दिवस मदत म्हणून, आणि सुरुवातीला कॅथलिक वस्त्यांमधल्या बायकांनी त्या सैनिकांना चहा दिला, कारण त्यांना वाटलं हे आपल्याला वाचवायला आलेत. अडीच वर्षांनी, ३० जानेवारी १९७२ ला, डेरीमध्ये त्याच सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटने नागरी हक्कांच्या मोर्चातल्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, १३ जण त्या दिवशी गेले आणि एक नंतर. ही माणसं निरपराध होती हे सरकारी चौकशीने स्पष्ट म्हणायला २०१० साल उजाडलं. आणि ती 'थोड्या दिवसांची' मोहीम २००७ ला संपली. ३८ वर्षं.

मेक्सिकोतही तसंच, २००६ मध्ये ड्रग्जच्या टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवलं, पोलीस सुधारेपर्यंत म्हणून. पोलीस सुधारायचं राहिलं, आणि २०२४ मध्ये तर घटना बदलून तिथलं नॅशनल गार्ड नावाचं पोलीस दलच संरक्षण खात्याखाली नेलं. सैन्य आहेच म्हटल्यावर पोलिसांवर मेहनत घ्यायची गरज कुणाला वाटणार?

हुकूमशाही हा शब्द जरा जास्तच नाही का?

रस्त्यावर सैनिक दिसला की हुकूमशाही आली असं मी म्हणत नाही. पूर आल्यावर होडीतून म्हाताऱ्यांना काढणारा सैनिक पण सैनिकच असतो.

मी तीन गोष्टी बघतो. बोलावलं कुणी, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या लोकांनी मागितलं की त्यांच्या डोक्यावर आणून बसवलं. परत कधी जाणार हे ठरलंय का. आणि कोर्ट किंवा संसद थांब म्हणाली तर थांबणार का. तिन्हींची उत्तरं वाईट असतील तर शब्द जास्त नाहीये. त्यात अजून एक, फौजा नेमक्या विरोधी पक्षाची सत्ता असलेल्या शहरांतच जातायत का हे बघा. आणि नेता आपल्याच नागरिकांना 'आतले शत्रू' म्हणायला लागला की सावध व्हा, कारण सैनिकाचं ट्रेनिंग शत्रूसाठीच असतं, हे वर लिहिलंच आहे.

एल साल्वाडोरमध्ये फेब्रुवारी २०२० ला राष्ट्राध्यक्ष बुकेले सशस्त्र सैनिक घेऊन संसदेच्या सभागृहात शिरले, सुरक्षेसाठीचं कर्ज मंजूर करा म्हणून. तेव्हा पण लोक म्हणाले की जाऊ दे, गुन्हेगारीवर काहीतरी करतोय. मार्च २०२२ मध्ये एका महिन्यासाठी आणीबाणी लागली आणि मग ती महिन्यामहिन्याने वाढतच गेली, हजारो लोक खटल्याशिवाय आत आहेत. खून खरंच खूप कमी झाले, ते नाकारता येणार नाही. पण ज्या आईचा मुलगा चुकून उचलला गेला तिने दाद कुठे मागायची?

आणि उलटंही होतं. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्ष यून यांनी मार्शल लॉ लावला, संसदेत सैनिक पाठवले. खासदार कुंपणावरून चढून आत गेले, बाहेर लोकांनी गर्दी केली, १९० विरुद्ध ० मतांनी ठराव झाला आणि साधारण सहा तासांत सगळं मागे घ्यावं लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये यून पदावरून गेले. १९८० मध्ये ग्वांगजू शहरात सैन्याने लोकांना कसं मारलं होतं ते तिथे कुणी विसरलेलं नाही, म्हणून लोक मध्यरात्री घराबाहेर पडले.

मार्शल लॉ म्हणजे हेच का?

नाही. मार्शल लॉमध्ये नागरी सरकार आणि कोर्टं बाजूला सारून सैन्यच राज्य चालवतं. अमेरिकेत २०२५ मध्ये तसं झालं नाही, कोर्टं चालू होती आणि त्यांनी सरकारला अडवलं पण.

सैनिकांना स्वतःला हे पटतं का? ते नाही म्हणू शकतात का?

उघड बेकायदा ऑर्डर पाळायची नाही हे त्यांना शिकवलेलं असतं. पण विशीतल्या पोराला चौकात उभं राहून कायदेशीर काय आणि बेकायदा काय हे ठरवायला लावणं म्हणजे वरच्यांनी आपलं ओझं त्याच्या खांद्यावर टाकणं झालं. जोखीमही त्याचीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसपासून जवळच वेस्ट व्हर्जिनियाच्या दोन गार्डवर गोळीबार झाला, त्यातली २० वर्षांची मुलगी गेली. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, ती काही युद्धावर गेली नव्हती.

थांबवायचं काम वरच्यांचं आहे. १ जून २०२० ला व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकातून निदर्शकांना हटवलं आणि ट्रम्प यांच्याबरोबर तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी (जॉइंट चीफ्सचे अध्यक्ष) जनरल मार्क मिली युद्धावरच्या गणवेशात चालत गेले. दोन दिवसांनी संरक्षणमंत्री मार्क एस्पर यांनी जाहीर सांगितलं की इन्सरेक्शन ॲक्ट लावायला माझा पाठिंबा नाही, आणि ११ जूनला मिली यांनी माफी मागितली की मी तिथे असायलाच नको होतं. ३० सप्टेंबर २०२५ ला क्वांटिकोच्या लष्करी तळावर जगभरातून बोलावलेल्या शेकडो जनरल आणि ॲडमिरलसमोर ट्रम्प म्हणाले की धोकादायक शहरं सैन्याच्या ट्रेनिंगसाठी वापरायला हवीत. समोर बसलेले अधिकारी त्या भाषणात जवळपास पूर्ण वेळ गप्प होते, टाळ्या वाजवत नव्हते. सैन्याची रीतच तशी आहे, राजकीय भाषणाला प्रतिसाद द्यायचा नाही, आणि मला त्या शांततेनेच थोडा धीर दिला.